सुट्टीच्या बंगल्यांसाठी नवा एजंट तयार करताना: फोन चौथ्या टप्प्यावर द्या

अलिबाग असो, लोणावळा असो की दापोली, बंगले भाड्याने देणाऱ्या बहुतेक ऑफिसांत नव्या एजंटचा पहिला दिवस सारखाच जातो. त्याच्या हातात मोबाइल देतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फॉरवर्ड करतात आणि सांगतात, "चौकशा घ्यायला लाग." मुलगा हुशार असला तर आठवड्याभरात दोन बुकिंगं आणतो आणि ऑफिस खूश होतं. मग शनिवारी दुपारी एक कुटुंब गेटवर उभं राहून विचारतं, "तुम्ही तर समुद्र समोरच आहे म्हणाला होतात?" समोर असते नारळाची वाडी आणि तिच्यापलीकडे शेजाऱ्याची भिंत. मुलगा खोटं बोललेला नसतो. त्याने फक्त फोटो पाहिलेले असतात, आणि तो फोटो गच्चीवरून काढलेला असतो.

ही चूक क्रमाची आहे. आधी घर, मग कागद, मग कॅलेंडर, त्यानंतर फोन आणि शेवटी पैसे, असा क्रम लावला की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. खालची पद्धत चार आठवड्यांची आहे आणि अलिबाग तालुक्यातले बंगले डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. लोणावळ्यात पावसाळा हाच सीझन असतो, महाबळेश्वरात मे महिना. तेवढा फरक आपापल्या गावाप्रमाणे करून घ्या.

तयारी: एजंट रुजू होण्याआधी

ही तयारी मालकाने करायची आहे, एजंटने नाही. ती झालेली नसेल तर माणूस घेऊ नका.

१. प्रत्येक घराची एक फाइल करा. त्यात खोल्या आणि बेड, झोपायची खरी सोय किती जणांची, पाण्याची टाकी किती लिटरची, बोअरवेल आहे की टँकर लागतो, इन्व्हर्टरवर काय काय चालतं, पूल असल्यास दोन्ही टोकांची खोली, गेटपर्यंत कोणती गाडी येते, केअरटेकरचं नाव आणि त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर, एवढं तरी हवंच.

२. शिकवणारा माणूस एकच ठेवा. तिघं शिकवायला लागले की मुलगा तीन प्रकारचे नियम शिकतो आणि त्यातला सोयीचा तेवढा पाळतो.

३. पहिल्या महिन्यात कमिशन ठेवू नका, ठरलेला पगार द्या. पहिल्या दिवसापासून कमिशन असलं की तोंडातून 'नाही' हा शब्द निघत नाही. या धंद्यात वेळेवर 'नाही' म्हणता येणं फार गरजेचं आहे.

येणारी मुलं बहुतेक फ्लॅटविक्रीतून नाहीतर अकरा महिन्यांच्या भाडेकरारांतून येतात. त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट सांगा: तिकडे टोकन आलं की अर्धं काम झालं, इकडे टोकन आलं की काम सुरू झालं.

टप्पा १: त्याला घरात झोपायला पाठवा (पहिला आठवडा)

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. हाच टप्पा सगळे गाळतात, कारण आठवडाभर मुलगा 'काहीच करत नाही' असं वाटतं.

तुमच्या यादीतल्या निदान तीन वेगळ्या प्रकारच्या घरांत त्याला एकेक रात्र राहू द्या. एक पूलवाला बंगला, एक गावातलं जुनं कौलारू घर आणि एक कॉम्प्लेक्समधला व्हिला. पाहुणा म्हणून जायचं, पण कामासकट. संध्याकाळी पोचायचं, सगळे गीझर एकदम लावायचे, सगळे एसी एकदम चालवायचे, मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवर काय उरतं ते पाहायचं. रात्री झोपायचं, सकाळी उठून केअरटेकरबरोबर चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायचं, पूलमधली पानं काढायची.

आमच्याकडच्या एका मुलीने पहिल्या रात्रीनंतर लिहून आणलेला कागद मी अजून दाखवायला ठेवला आहे. त्यात होतं: "वरच्या बाथरूमचं दार पावसाने फुगलंय, आतून कडी लागत नाही. खाली शॉवर चालू असताना वर पाणी चढत नाही. स्वयंपाकघरात मोठं पातेलं एकच. रेंज फक्त झोपाळ्यावर मिळते. पहाटे साडेपाचला शेजारचे कोंबडे." हे घर आम्ही दोन वर्षं देत होतो. कोंबडे सोडले तर यातलं काहीही आमच्या फाइलमध्ये नव्हतं.

याच आठवड्यात घरापासून समुद्रापर्यंत त्याला पायी चालवा. एकटा नाही, हातात पिशवी आणि बरोबर लहान मूल असलेल्या माणसाच्या चालीने. तो आकडा मिनिटांत लिहायचा. 'दोन मिनिटांवर' हा शब्दप्रयोग ऑफिसात बंद करा.

रस्त्याचाही अंदाज घ्यायला लावा. नागाव, किहीम, आवास या गावांतल्या वाड्यांमधले रस्ते अरुंद आहेत. मोटार आत जाते, सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर वळणावर अडकते. ती कुठे उभी करायची आणि सामान तिथून कसं आणायचं, हे एजंटला ठाऊक पाहिजे.

तपासणी: फाइल मिटवून विचारा, "या घरात आठ जणांनी सकाळी आंघोळ केली तर गरम पाणी कितव्या माणसाला संपेल?" उत्तर आलं नाही तर पुन्हा एक रात्र.

टप्पा २: कागद वाचायला शिकवा (दोन दिवस)

एजंटला वकील करायचं नाही. चार कागद हातात आल्यावर शंका कुठे घ्यायची, एवढं कळलं की पुरे.

आधी मालकी. सातबारा किंवा घरपट्टीच्या उताऱ्यावरची नावं आणि आपल्याशी बोलणारा माणूस जुळवून पाहायचा. कोकणातल्या वडिलोपार्जित घरांत इथेच घोळ होतो. उताऱ्यावर पाच नावं आणि आपल्याशी करार करणारा एक भाऊ. बाकीच्यांची लेखी संमती नसेल तर मे महिन्यात पाहुणे आत जेवत असताना दुसरा भाऊ स्वतःची किल्ली घेऊन सहकुटुंब मुंबईहून येतो. हे आमच्याकडे घडलेलं आहे. चूक आमची होती, कारण उतारा फाइलमध्ये होता आणि कोणी वाचला नव्हता.

मग वापर. जमीन अकृषिक झाली आहे का, बांधकामाची परवानगी आहे का, आणि किनाऱ्याजवळचं घर असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची) भानगड नाही ना. कॉम्प्लेक्समधला व्हिला असेल तर सोसायटीचं पत्र. रोजच्या भाड्याने द्यायला मनाई करणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत आणि तिथला वॉचमन पाहुण्यांना खरंच गेटवर अडवतो.

त्यानंतर मालकाशी आपला करार. वाटा किती, दुरुस्तीला न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करायचा, परतावा द्यावा लागला तर कोणाच्या खिशातून, आणि मालकाच्या स्वतःच्या तारखा कोणत्या. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. गणपती आणि शिमग्याला कोकणातलं घर मालकाचंच असतं. शिवाय गणपतीत केअरटेकरच्या घरीही गणपती असतो. त्या दिवसांत घर रिकामं दिसलं म्हणून बुकिंग घेतलं, तर चहा करायलाही माणूस मिळत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करा. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याखालची एजंट नोंदणी ही प्रकल्पातल्या प्लॉट, फ्लॅट, व्हिलाच्या खरेदी-विक्रीसाठी असते. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२३ पासून तिच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. तुमचा एजंट विक्रीही करणार असेल तर ती हवीच. पण दोन रात्रींच्या भाड्याला त्या नंबराचं काही संरक्षण नाही. 'महारेरा नोंदणीकृत' असं बंगल्याच्या जाहिरातीत टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. ते काढायला लावा.

गोव्यात घरं घेणार असाल तर तिथला १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा लागू होतो. पर्यटन खात्याकडे नोंदणी नसलेलं घर यादीत घेऊ नका.

टप्पा ३: कॅलेंडर आणि दर

कॅलेंडर एकच असतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मालकाच्या डोक्यातल्या तारखा ही तीन कॅलेंडरं झाली. वेगवेगळ्या पोर्टलांवर घर असेल तर ती आपसात जोडता येतात, पण ही जोडणी क्षणात होत नाही. कधी काही तास लागतात. तेवढ्या वेळात ३१ डिसेंबरची तारीख दोनदा विकली जाते. म्हणून नियम: फोनवर 'हो' म्हणण्याआधी तारीख हाताने बंद करायची, पैसे आले नाहीत तर दोन तासांनी उघडायची.

दर शिकवताना तोंडी सांगू नका, हिशेब मांडायला लावा. समजा एका घराचा सोमवार ते गुरुवारचा दर १२,००० रुपये, शुक्रवार ते रविवारचा १८,०००, ही रक्कम दहा जणांपर्यंत, वरच्या प्रत्येक माणसाला रात्रीचे १,०००. बारा जण गुरुवार आणि शुक्रवार अशा दोन रात्री राहणार. भाडं ३०,०००, जादा माणसांचे ४,०००, एकूण ३४,०००. निम्मी नवी मुलं इथे जादा माणसांचे २,००० लावतात, दुसरी रात्र विसरतात. अनामत वेगळी सांगायची, ती भाड्यात मिसळायची नाही. जेवणाचे पैसे केअरटेकरकडे जाणार असतील तर तेही आधीच सांगायचं.

कराचं एवढंच: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला एका युनिटचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर असेल तर १८ टक्के. अख्खा बंगला एक युनिट की खोल्या वेगळ्या, आणि तुमच्या मालकाला नोंदणी लागते की नाही, हे सीएकडून लेखी घ्या आणि तो कागद फाइलमध्ये ठेवा. एजंटने फोनवर स्वतःचं मत द्यायचं नाही.

टप्पा ४: आता फोन

पहिले तीन दिवस त्याने फक्त ऐकायचं. तुम्ही स्पीकरवर बोला, तो लिहील. चौथ्या दिवशी तो बोलेल, तुम्ही ऐका आणि मध्ये पडू नका. फोन ठेवल्यावर बोला.

विचारायचा क्रम ठरलेला आहे. तारखा. मग माणसं किती, लहान मुलांसकट आणि ड्रायव्हरसकट. ड्रायव्हर कुठे झोपणार हा प्रश्न दहातले नऊ एजंट विसरतात आणि तो माणूस रात्रभर गाडीत डास मारत बसतो. मग, बरोबर वयस्कर कोणी आहे का, जिना चढता येतो का. कसे येणार. जेवणाचं काय, जैन कोणी आहे का. आणि सगळ्यात शेवटी दर.

पार्टी पहिल्या वाक्यातच विचारते, "रेट काय?" नवा मुलगा लगेच आकडा फेकतो आणि फोन संपतो. त्याला एवढंच शिकवा: "सांगतो ना साहेब, किती जण आहात ते कळलं की नेमका सांगतो." याने कोणी रागावत नाही.

काही गोष्टी पाठ असाव्यात, कारण त्या महिन्याप्रमाणे बदलतात. मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या घेऊन येणारी रोरो चालते, पण तीही हवामान बिघडलं की रद्द होते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून जुलैत "ताजी सुरमई मिळेल" असं कबूल करायचं नाही. खाडीचं काय मिळेल ते केअरटेकरला विचारून सांगायचं. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. गेल्या शनिवारची वेळ या शनिवारी सांगणारा एजंट पाहुण्यांना अडचणीत घालतो.

सावधान: मालकाचे घरनियम (रात्रीचा डीजे नाही, कुत्रा चालेल किंवा नाही) सगळ्यांना सारखे सांगायचे. आडनाव ऐकून 'घर भरलंय' म्हणणाऱ्या एजंटला त्याच दिवशी घरी पाठवा.

टप्पा ५: पैसे

पैसे ऑफिसच्या खात्यात. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, "साहेब, सर्व्हर डाऊन होता" म्हणून सुद्धा नाही.

स्क्रीनशॉट ही पावती नव्हे. खात्यात रक्कम दिसली की मगच बुकिंग पक्कं आणि मगच गुगलचं लोकेशन पाठवायचं.

'मी आर्मीत आहे, आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी असते, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा' असा फोन नव्या एजंटला पहिल्या महिन्यात बहुधा येतोच. फसवणारा नवखा आवाज बरोबर ओळखतो. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही, हे वाक्य त्याच्या टेबलावर चिकटवा. तरीही पैसे गेले तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

रद्द केल्यास किती परत मिळणार, हे आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी पाठवायचं आणि समोरून 'ठीक आहे' आल्यावर पुढे जायचं. रोरो रद्द झाली तर काय, हेही त्यात असावं.

टप्पा ६: गेटवर

पाहुणे दुपारी एक वाजता येणार असतील तर एजंटने साडेअकराला घरात असावं. गीझर, पंप, गॅस, वाय-फाय तपासून प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. अनामतीचा वाद झाला की हाच व्हिडिओ कामाला येतो. टीव्हीचा रिमोट आणि भांडी त्यात दिसली पाहिजेत.

ओळखपत्र पाहायचं, वहीत नोंद करायची. आधार घ्यायचं तर मास्क केलेलं (शेवटचे चार आकडेच दिसणारं) मागायचं. आधारचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची सवय अगदी पहिल्या दिवशी मोडा. परदेशी पाहुणा असेल, भारतीय वंशाचा का असेना, तर आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. अमेरिकेहून आलेला पुतण्या परदेशी पासपोर्टवर आलेला असतो, हे मुलांच्या लक्षात येत नाही. पासपोर्टचं मुखपृष्ठ पाहायला शिकवा.

नियम तोंडाने सांगायचे, भिंतीवरच्या पाटीवर सोडायचे नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे, मालकाची लहर नव्हे.

पूलपाशी थांबा. इथे घाई नको. एजंटने पाहुण्यांमधल्या एका मोठ्या माणसाला काठापर्यंत न्यायचं, खोल टोक बोटाने दाखवायचं, खोली फुटांत सांगायची आणि विचारायचं, "मुलांवर लक्ष कोण ठेवणार?" एक नाव आलंच पाहिजे. 'सगळेच आहोत' याचा अर्थ कोणीच नाही. लाइफगार्ड नसेल तर नाही असं स्पष्ट सांगायचं. अंधार पडला की पूल बंद, दारू घेतल्यावर पूल बंद. हे बोलताना मुलं संकोचतात, पाहुण्यांचा मूड जाईल म्हणून. म्हणूनच हे वाक्य ऑफिसात दहा वेळा म्हणवून घ्या.

चेकआउटच्या वेळी पाहुण्यांसमोरच घर पाहायचं, अनामत तिथल्या तिथे परत करायची. 'संध्याकाळी टाकतो' म्हटलं की वाईट रिव्ह्यू आलाच म्हणून समजा.

टप्पा ७: बिघडलेल्या रात्रीची तालीम

चौथ्या आठवड्यात रोज एक प्रसंग द्या. तुम्ही पाहुणा व्हा, तो एजंट.

दहा जण सांगून सोळा आले. (घरात जागा असेल तर जादा माणसांचे पैसे आत जाण्याआधी. जागा नसेल तर दुसऱ्या घराची सोय. भांडण केअरटेकरवर ढकलायचं नाही.)

रात्री नऊला वीज गेली, एसी बंद. (इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं का? तेच पहिलं विचारा.)

बागेत साप. (सर्पमित्राचा नंबर फाइलमध्ये. तोवर माणसं आत, दार बंद, काठी कोणाच्याही हातात नाही.)

संडास तुंबला आणि सेप्टिक टँक भरलेला. याला रात्री अकराला उपाय नसतो. टँक कधी उपसला याची तारीख फाइलमध्ये हवी होती.

मुलाला ताप आला. (जवळच्या दवाखान्याचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी तातडीच्या मदतीसाठी ११२.)

प्रत्येक वेळी एकच तपासा: त्याने आधी पाहुण्याचं पूर्ण ऐकलं का, आणि 'दहा मिनिटांत सांगतो' म्हटल्यावर दहाव्या मिनिटाला खरंच फोन केला का. उपाय सापडला नसला तरी तो फोन गेला पाहिजे.

टप्पा ८: एकट्याने एक शनिवार-रविवार

पहिला स्वतंत्र वीकेंड साधा निवडा. दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्ट्या नकोत. त्याला तीन घरं द्या, तुम्ही फोन चालू ठेवा आणि ऑफिसात बसू नका. तुम्ही समोर दिसलात की तो प्रत्येक गोष्ट विचारायला येतो.

सोमवारी त्याला बसवून दोन प्रश्न विचारा. पहिला, कोणत्या चौकशीला नाही म्हणालास? एकालाही नाही म्हटलं नसेल तर तो अजून तयार नाही, आणखी एक आठवडा ऐकायला बसवा. दुसरा, फाइलमधली कोणती माहिती चुकीची निघाली? जी निघाली असेल ती त्याच्याच हाताने खोडून दुरुस्त करून घ्या, तारीख घालून.